‘म्हने’ हा शब्द निकालपत्रात कुठं गेला?

पत्र

वकीलसाहेब, नमस्कार.

आमचं गाव पैनगंगेच्या काठी आहे. माझ्या मोठ्या भावाला शेताच्या धुऱ्याला (बांधाला) लागून असलेल्या शेजाऱ्याच्या खुनात जन्मठेप झाली. निकालाला आज ४१ दिवस झाले, तो अमरावतीच्या जेलात आहे. २०२१ च्या दिवाळीआधी शेजारी रात्री पिकाच्या जागलीला गेला आणि सकाळी वावरात मेलेला सापडला. मारताना कोणीच पाहिलं नाही. मयताच्या मोठमायनं कोर्टात सांगितलं की वस्तीतल्या एका बाईनं माझ्या भावाला पळताना पाहिलं. ती बाई कोर्टात आलीच नाही. पानठेलेवाला म्हणाला, सारं गाव त्याचंच नाव घेते. मयताच्या बायकोनं सांगितलं की नवरा संध्याकाळी फोनवर म्हणाला होता, ‘धुऱ्यावर भांडण झालं, तो मले सोडत नाही.’ पोलीस पाटील म्हणतो, भावानं त्याच्याजवळ कबूल केलं. कुऱ्हाड जप्त झाली, पण दोन्ही पंच फिरले.

आमच्याजवळ पैसे नव्हते. कोर्टानं सकाळी सरकारी खर्चानं वकील दिला आणि त्याच दिवशी बायकोची आणि मोठमायची साक्ष झाली. त्या वकिलानं एकही प्रश्न विचारला नाही. मग आम्ही बैलजोडी विकून दुसरा वकील लावला. त्यानं साक्षीदार परत बोलवायचा अर्ज दिला, तो उशीर झाला म्हणून नामंजूर.

आता लोक म्हणतात अपिलाची मुदत ३० दिवसांची होती, ती गेली. कोणी म्हणते अपील केलं तर शिक्षा वाढते. एक जण नागपूरच्या वकिलाचे पाच लाख सांगून गेला, म्हणून दोन एकराचा इसार घ्यायचं चाललं आहे. जज विकल्या गेला असंही गावात बोलतात. काय करू? आईला काय सांगू?

— एक बहीण

उत्तर

ताई,

तुमचं पत्र माझ्या हाती आलं तोवर ४१ चे ४४ झाले होते, म्हणून छापून यायची वाट पाहिली नाही. मुदतीचं आणि इसाराचं तुम्हाला फोनवर सांगून मोकळा झालो. इथं पुन्हा लिहितो, कारण ही गफलत तुमच्या एकट्या गावातली नाही.

३० दिवसांची मुदत खोटी नाही, पण ती तुमची नाही. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली तर अपील सत्र न्यायालयात करायचं असतं, त्याला ३० दिवस. सत्र न्यायाधीशानं जन्मठेप दिली की अपील उच्च न्यायालयात, म्हणजे तुमच्यासाठी नागपूर खंडपीठात, आणि त्याला ६० दिवस. शिवाय निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जे दिवस गेले ते या ६० मध्ये मोजत नाहीत. नक्कलेवर अर्ज कधी आला आणि नक्कल कधी तयार झाली याच्या तारखा मारलेल्या असतात, त्यावरून हिशेब होतो. ६० उलटले तरी विलंब माफीचा अर्ज करता येतो. आत बसलेल्या गरीब माणसाच्या बाबतीत न्यायालय त्यात सहसा ताणून धरत नाही. पण त्या भरवशावर आजचा दिवस घालवू नका.

शिक्षा वाढण्याची भीती तर मी गेली तीसेक वर्षं प्रत्येक गावात ऐकतो. आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, रद्द करू शकतं, फेरखटला लावू शकतं. वाढवू शकत नाही. वाढवून पाहिजे असेल तर सरकारनं वेगळं अपील करावं लागतं. हे ज्यानं सांगितलं त्याला विचारा, कोणाची वाढली? नाव सांगता येणार नाही त्याला.

आणि तो इसार. घेतला नसेल तर घेऊ नका. तुरुंगात असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलेला आहे. नागपूरला उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे, ती अपिलासाठी वकील नेमून देते. जिल्ह्याच्या न्यायालयातही विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, आणि १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो. मला माहीत आहे, ‘फुकटचा वकील’ म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो. एकदा पोळलात तुम्ही. पण नागपूरच्या यादीवर फौजदारी अपिलं चालवून केस पिकलेले वकीलही असतात. नेमणूक झाली की त्यांना स्वतः जाऊन भेटा, कागद नीट लावून द्या, दर महिन्याला विचारत राहा. खाजगी वकील करायचाच असेल तर करा, पण ‘वर सेटिंग आहे’ म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. सेटिंगवाल्यानं दोन एकर खाल्ले आणि वकीलपत्रही दाखल केलं नाही, असं घर माझ्या ओळखीत आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती एका शब्दात आहे, आणि तो शब्द तुमच्या-माझ्या तोंडी दिवसातून पन्नासदा येतो: म्हने.

आपल्याकडे कोणी स्वतः पाहिलेलं सांगतो तेव्हा म्हणतो, ‘तो पयत गेला.’ दुसऱ्याकडून कळलेलं असेल तर म्हणतो, ‘तो पयत गेला म्हने.’ कायद्याच्या पुस्तकात ऐकीव पुराव्यावर पानंच्या पानं आहेत, पण वऱ्हाडी बाईला तो फरक हापशीवर पाणी भरता भरता पाळता येतो. गंमत ही, की हा शब्द साक्षीच्या कागदावर उतरताना गळतो. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, टंकलेखक टिपतो, आणि शेवटचं ‘म्हने’ लकब समजून सोडून दिलं जातं. सोबत इंग्रजीत टिपण होतं, त्यात तर त्याला जागाच नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत बैलचोरीच्या एका खटल्यात साक्षीदाराची नोंद होती, ‘बैल आरोपीनेच सोडले.’ उलटतपासात मी एवढंच विचारलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का? तो म्हणाला, ‘मी कुठून पाहीन साहेब, मी तर त्या दिवशी यवतमाळले होतो.’ सारं कोर्ट हसलं. मला मात्र घाम फुटला होता, कारण तो प्रश्न विचारू की नको असं माझं सकाळपासून चाललं होतं.

कायद्याचा नियम साधा आहे. तोंडी पुरावा थेट असला पाहिजे: पाहिल्याचा असेल तर पाहणाऱ्यानंच सांगावं, ऐकल्याचा असेल तर ऐकणाऱ्यानं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ६० होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात तेच कलम ५५ आहे. तुमचा खटला त्याआधीपासून चालू होता, म्हणून निकालपत्रात जुने आकडे दिसतील; घाबरू नका. हा नियम का, तर ज्यानं पाहिलं तो शपथेवर नाही, त्याचा चेहरा न्यायाधीशाला दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. किती अंतरावरून पाहिलं? चांदणं होतं का? अंगात काय होतं? तुझं त्यांच्याशी वैर आहे का? मोठमायला हे विचारून उपयोग काय? ती म्हणेल, मला काय माहीत, मला तर तिनं सांगितलं.

पण ताई, ‘दुसऱ्याचं बोलणं’ सांगितलं की ते ऐकीव, असं सरसकट धरू नका. तुमच्या पत्रात चार वेगवेगळी बोलणी आहेत आणि चारींना एकच काठी लागणार नाही. अपिलात इथंच बरेच वकील घसरतात. साऱ्याला ऐकीव म्हणून मोकळे होतात, आणि एक मुद्दा पडला की बाकीचेही पडतात.

पानठेलेवाल्याचं सोडून द्या. ‘सारं गाव नाव घेते’ हा पुरावाच नाही.

मोठमायचं मात्र नीट पाहू. वस्तीतली बाई तिला काहीतरी म्हणाली, एवढं ती सांगू शकते, कारण ते तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं. कोतवालानं दवंडी दिली हे मी सांगू शकतो. दवंडीत जे सांगितलं ते खरं होतं की नाही, हे माझ्या तोंडून सिद्ध होत नाही. १९५६ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतींसाठी लंडनला असलेल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, मलायातल्या एका खटल्यात हाच फरक केला. जवळ काडतुसं सापडलेला माणूस म्हणत होता, मला बंडखोरांनी धमकावलं होतं. खालच्या न्यायालयानं ती धमकी ‘ऐकीव’ म्हणून सांगूच दिली नाही. वर ठरलं की धमकी दिली गेली का एवढाच प्रश्न असेल तर ते ऐकीव नाही. त्यातला मजकूर खरा म्हणून वापरायचा असेल तर ऐकीव. त्याची शिक्षा रद्द झाली. आता निकालपत्रात बघा, मोठमायच्या साक्षीवरून न्यायाधीशांनी काय काढलं आहे. ‘आरोपी घटनास्थळावरून पळाल्याचे सिद्ध होते’ असं वाक्य असेल, तर मजकूर खरा धरला गेला आहे. त्या वाक्याखाली लाल रेघ मारा.

सरकारी वकील यावर म्हणतील की घटनेच्या ओघात सहज निघालेले उद्गार कायद्याला चालतात. चालतात, जुन्या कायद्याचं कलम ६. पण ते घटनेला चिकटून पाहिजेत. ‘धावा, धावा, मारलं’ अशी आरोळी धुऱ्यावरून आली आणि ऐकणाऱ्यानं कोर्टात सांगितली, तर ती आत येते. विचार करून, रचून सांगायला सवड मिळाली की ती सवलत संपते. आंध्रातली गोष्ट: चिलकलुरीपेटजवळ बस जाळल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली हाच निकष लावला. तुमच्या मोठमायला त्या बाईनं कधी सांगितलं? रात्रीच, की दुसऱ्या दिवशी हापशीवर? तिच्या साक्षीत वेळ शोधा. आणि ती बाई जिवंत आहे, पत्ता माहीत आहे, तरी सरकारनं तिला साक्षीला आणलं नाही, हाही मुद्दा आहे: हाती असलेला पुरावा जो पुढं आणत नाही, तो आणला असता तर त्याच्याच विरुद्ध गेला असता, असं न्यायालय मानू शकतं.

आता कडू गोळी. बायकोचं फोनवरचं बोलणं ऐकीव म्हणून पडणार नाही. मेलेला माणूस स्वतःच्या मरणाच्या कारणाबद्दल, किंवा ज्या घडामोडीतून मरण आलं तिच्याबद्दल जे बोलला, ते कायदा आत घेतो. विलायतेत जुना नियम असा होता की मरण डोळ्यांपुढं दिसत असताना बोललेलंच चालायचं. आपल्याकडे ती अट नाही. १९३७ मध्ये पुरीच्या स्टेशनात आगगाडीच्या डब्यात एका ट्रंकेत प्रेत सापडलं होतं. मयत घरून निघताना बायकोला म्हणाला होता की मी पैसे घ्यायला बरहमपूरला जातो, तिकडून बोलावणं आलं आहे. ते बोलणं पुराव्यात चालतं, असं प्रिव्ही कौन्सिलनं १९३९ मध्ये ठरवलं, पकाला नारायण स्वामी खटल्यात. तेव्हा तुमच्या शेजाऱ्याचं ‘तो मले सोडत नाही’ आत येईल, असं धरूनच चाला. जो वकील हे ऐकीव म्हणून उडवून देतो म्हणेल, त्याला हे नाव सांगून बघा.

मग या साक्षीशी लढायचं कशानं? उलटतपासानं, दुसरं हत्यारच नाही. हे वाक्य बाईनं पोलिसांपुढच्या पहिल्या जबाबात सांगितलं होतं का? नसेल तर एवढी मोठी गोष्ट तेव्हा कशी राहिली? फोनच्या तपशिलात कॉल किती सेकंदांचा आहे? (तो तपशील कॉल झाल्याचं सांगेल, काय बोलणं झालं ते नाही, आणि त्याला कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र जोडलं आहे का तेही बघा, २०२० च्या अर्जुन खोतकर निकालानं ते सक्तीचं धरलं आहे.) हे सारे प्रश्न ज्या दिवशी विचारायचे होते, त्या दिवशी तुमच्या भावाचा वकील सकाळी नेमलेला होता आणि गप्प होता.

म्हणून मी म्हणतो, तुमच्या अपिलाचा कणा ऐकीव पुरावा हा नाही. ऐकीव पुरावा टाकतात तो उलटतपास होऊ शकत नाही म्हणून. तुमच्याकडे तर साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता, शपथेवर होता आणि तरी त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. मयताची बायको समोर येऊन बोलली तरी आरोपीच्या दृष्टीनं ते ‘म्हने’च झालं. अपिलात पहिला मुद्दा हा घ्या, ऐकीव पुराव्याचा त्याच्या मागून.

याला आधार आहे. मेळघाट ओलांडलं की पलीकडं खंडवा जिल्हा. तिथल्या अनोखीलाल खटल्यात २०१३ साली आरोपीला वकील दिला आणि त्याच दिवशी आरोप ठेवले गेले. पुढं भराभर साक्षी होऊन फाशीची शिक्षाही झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो निकाल रद्द केला. वकील दिला म्हणजे हक्क दिला असं होत नाही, त्याला कागद वाचायला, आरोपीशी बोलायला वेळ मिळाला पाहिजे, असं सांगितलं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात विधी सेवेतून किमान १० वर्षं वकिली केलेला वकील द्यावा आणि तयारीला साधारण ७ दिवस तरी असावेत, असंही त्या निकालात आहे. त्याआधी २०१२ मध्ये दिल्लीतल्या मोहम्मद हुसेन प्रकरणातही, वकिलाशिवाय साक्षी झाल्या म्हणून शिक्षा टिकली नव्हती.

पण दोन्ही ठिकाणी माणूस लगेच सुटला नाही, खटला पुन्हा चालवायला गेला. हे आईला आणि भावाला आधी समजावून सांगा. फेरखटला म्हणजे पुन्हा त्याच साक्षी, तीच ये-जा, आणि यावेळी सरकार पक्ष शहाणा झालेला: वस्तीतल्या त्या बाईलाही आणतील. म्हणून अपिलात मागणी दुहेरी करायची. आधी, टिकणारा पुरावा उरत नाही म्हणून निर्दोष सोडा. ते नाही तर, खटला न्याय्य झाला नाही म्हणून फेरखटला. कोणतं पुढं, कोणतं मागं, हे वकिलानं कागद वाचून ठरवावं. मी पत्रावरून ठरवणार नाही.

‘टिकणारा पुरावा उरत नाही’ हे दाखवायचं कसं, तेही सांगतो, कारण नुसतं ‘ऐकीव घेतलं, चूक झाली’ म्हणून वरचं न्यायालय निकाल फिरवत नाही. कायदाच म्हणतो की नको तो पुरावा आत आला, तरी बाकीचा पुरेसा असेल तर शिक्षा कायम राहते. सुपात घालून पाखडा आणि खाली काय उरतं ते दाखवा, असा तो प्रकार आहे. मोठमाय गेली, पानठेला गेला. उरलं फोनवरचं बोलणं, पोलीस पाटील आणि कुऱ्हाड.

पोलीस पाटलाजवळच्या कबुलीचं. पोलिसांजवळची कबुली पुराव्यात चालत नाही हे जुनं तत्त्व. पोलीस पाटील हा त्या अर्थानं पोलीस अधिकारी धरायचा का, यावर आपल्याकडे न्यायालयात भांडणं झालेली आहेत. मुद्दा जरूर घ्यावा. धरला नाही, तरी अशी बाहेरची कबुली हा दुबळा पुरावा मानतात: नेमके शब्द काय, त्याच्याच जवळ का बोलला, पाटलानं ठाण्यात लगेच कळवलं की चार दिवसांनी? गावात पाटलाचे आणि तुमचे संबंध कसे आहेत हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. वकिलाला सांगा, गोड नसतील तरी सांगा.

कुऱ्हाडीचं. आरोपीनं काढून दिली म्हणतात तेव्हा त्याच्या निवेदनातला फक्त वस्तू सापडायला कारण झालेला भाग चालतो, ‘याच कुऱ्हाडीनं मारलं’ हा भाग चालत नाही. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यापासून, म्हणजे १९४७ पासून, हे पक्कं आहे. तरी पंचनाम्यात सारं लिहिलेलं असतं आणि कधी कधी निकालातही सारं वापरलं जातं. पंच फितूर झाले म्हणजे जप्ती गेली असं मात्र नाही, तपास अधिकाऱ्याच्या शब्दावरही ती टिकू शकते. आणि ताई, एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही: कुऱ्हाडीवरच्या रक्ताचा रासायनिक अहवाल काय आला? मयताच्या गटाचं रक्त निघालं असेल तर अपील चढणीचं आहे. निघालं नसेल, किंवा ‘निष्कर्ष नाही’ असेल, तर हीच कुऱ्हाड तुमच्या कामाची. सगळ्यात आधी तो कागद काढा.

आणखी एक कागद माणसं वाचत नाहीत. साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला विचारतात, तुमच्याविरुद्ध असं असं आलं आहे, काय म्हणायचं? ते प्रश्न छापील यादीसारखे असतात आणि आपला माणूस ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ म्हणत सुटतो. पण जी गोष्ट त्याला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. फोनचं बोलणं त्या यादीत आहे का, ते शोधा. हे आणि परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या, दोन्ही १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात आहेत. तो आपल्या महाराष्ट्रातलाच खटला, फाशी उच्च न्यायालयापर्यंत कायम झालेली आणि सर्वोच्च न्यायालयात माणूस निर्दोष सुटलेला. न्यायमूर्ती फजल अलींनी त्या कसोट्यांना पंचशील म्हटलं. सार एवढंच की साखळी पूर्ण पाहिजे, आणि ‘यानं केलं असेल’ यावर शिक्षा होत नाही, ‘यानंच केलं’ असं पाहिजे.

जज विकला गेला, हे अपिलात नको, तोंडातही नको. तुम्ही पाहिलं का कोणाला पैसे देताना? नाही ना. मग तेही ‘म्हने’च आहे. ज्या पुराव्यानं तुमचा भाऊ आत गेला, त्याच जातीचा पुरावा तुम्ही न्यायाधीशावर लावता. पहिल्या वकिलावरही लाच खाल्ल्याचा आरोप करू नका. त्याला वेळ मिळाला नाही आणि त्यानं विचारलं नाही, एवढं कागदावर आहे. तेवढं बस आहे.

दुसरं, मोठमायकडून किंवा त्या वस्तीतल्या बाईकडून स्टॅम्प पेपरवर ‘आम्ही खोटं बोललो’ असं लिहून आणायचं कोणी सुचवेल. त्याच्या नादी लागू नका. अपिलात नवा पुरावा क्वचित घेतात, न्यायालयाची परवानगी लागते. साक्षीदाराच्या घरी तुम्ही गेलात एवढंच उद्या तुमच्यावर उलटेल.

कागद कोणते, ते बोलू. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या माणसाला ती वेळेत पोचवून पोच घ्यायला सांगितलं आहे. भावाजवळ असेल, विचारा. बाकी नक्कल विभागात अर्ज टाका: सगळ्या साक्षी, आरोपीला विचारलेले प्रश्न, निशाण्या पडलेले पंचनामे, साक्षीदार परत बोलवायचा अर्ज आणि त्यावरचा आदेश. आणि रोजनामा. रोजनामा विसरू नका. वकील कोणत्या तारखेला नेमला आणि साक्ष कोणत्या तारखेला झाली, हे त्यातच दिसतं, आणि तुमचा कणा त्या दोन तारखांवर उभा आहे. मूळ रेकॉर्ड उच्च न्यायालय मागवतंच, पण अपील लिहिणाऱ्याच्या हाताशी नक्कल असलेली बरी. नकलांसाठी अपील अडवून ठेवू नका, ते निकालाच्या प्रतीवर दाखल होतं.

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज जाईल. जन्मठेपेत तो सहजी होत नाही, निकालात वरवर पाहता दिसेल अशी भेग दाखवावी लागते. उलटतपासाविना घेतलेल्या दोन साक्षी ही तशी भेग आहे, असं माझं मत. पहिल्यांदा नामंजूर झाला तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करता येतो. अपील लवकर ऐकता येत नसेल तर माणसाला आत डांबून ठेवणं न्यायाचं नाही, असं काश्मिरा सिंग प्रकरणात १९७७ पासून सांगितलेलं आहे. अपिलाची पाळी यायला वर्षं लागतात. आईला ‘दिवाळीपर्यंत येईल’ असं सांगू नका. अपील टाकलं आहे, वकील दिला आहे, आणि या महिन्यात भेटीला तिलाही नेतो, एवढं सांगा. ते तिन्ही खरं असू द्या.

तुम्हाला नागपूर लांब पडत असेल तर अपील तुरुंगातूनही जातं. भावानं अपिलाचा अर्ज आणि निकालाची प्रत अधीक्षकांकडे दिली की ती न्यायालयात पोचवणं त्यांचं काम. कारागृहातही विधी सेवेचे वकील येतात. वकीलपत्रावर भावाची सही किंवा अंगठा लागतो आणि तो अधीक्षकांसमोर घेतला जातो, म्हणून भेटीला जाताना कोरं वकीलपत्र दोन प्रतीत न्या, तुमचं आधार कार्ड न्या. भेटीत त्याला रडत बसू देऊ नका, वेळ थोडा असतो. एवढंच विचारा: पहिल्या वकिलानं साक्षीआधी तुझ्याशी बोलणं केलं होतं का, आणि केलं असेल तर किती वेळ. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तिथल्या तिथं वहीत लिहून आणा.